पान चौदावरची ‘योग्य दिशा’

तुम्ही कामचुकार आहात, आणि वर घाबरट आहात. पुस्तिकेवर तुमचं नाव छापलेलं नाही म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतोय. नाव असतं तर नावानं म्हटलं असतं. पाण्यानं थंड होणाऱ्या त्या कॉम्प्युटरसोबत तुम्ही बेचाळीस पानांची पुस्तिका पाठवलीत, आणि तिच्या चौदाव्या पानावर लिहिलंत, ‘रेडिएटरचे पंखे योग्य दिशेने बसवावेत.’ संपलं. पूर्णविराम. वाट विचारणाऱ्याला ‘बरोबर रस्त्यानं जा’ सांगून खाडकन खिडकी लावून घ्यावी, तसा तो पूर्णविराम. पान तीनवर मात्र, कंपनीची जबाबदारी कुठेकुठे संपते हे सांगताना, तुमच्या लेखणीला पूर आलाय. एकोणीस कलमं! पाणी सांडल्यास हमी रद्द. वीज खालीवर झाल्यास हमी रद्द. मूळ आवरण, शिक्का किंवा लेबल काढल्यास हमी रद्द. यंत्र अयोग्य रीतीने वापरल्यास हमी रद्द. ग्राहक जन्माला आल्यास हमी रद्द, एवढंच कलम राहिलंय. ते पुढच्या आवृत्तीत घाला.

या पुस्तिकेनं एका सरळ माणसाचे तीन आठवडे कसे खाल्ले ते आता ऐका. ऐकावंच लागेल, कारण शेवटी उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

माणूस साधा. तिसऱ्या मजल्यावर राहणारा, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सव्वीस वर्षं नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. बिल्डिंगमध्ये त्यांच्या पाठीमागे त्यांना मिलिमीटरराव म्हणतात. जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चार मिलिमीटर उंच आहे, अशी लेखी तक्रार त्यांनी सोसायटीकडे केली होती, तेव्हापासून. पायरी खरोखरच चार मिलिमीटर उंच आहे. पण खरं बोलणाऱ्याला पदवी देऊन गप्प बसवायची आपल्याकडे जुनी सोय आहे.

तर एके दिवशी ऑफिसात जाहीर झालं की आता नुसते नकाशे चालणार नाहीत. गिऱ्हाइकाला न बांधलेल्या इमारतीतून पडद्यावर फिरून यायचं असतं. दार उघडायचं, जिना चढायचा, खिडकीतून डोकवायचं. बावन्नाव्या वर्षी मिलिमीटरराव हेही शिकले. दोन वह्या भरून टिपणं काढून शिकले. आर्किटेक्टसाहेब म्हणाले, “ठीक आहे, करून दाखवा. हे नवं हॉस्पिटल घ्या. दारातून शिरायचं, सगळे मजले फिरून गच्चीवर जायचं. चार मिनिटांची फिल्म. तीन आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी बाराला माझ्या टेबलावर. जमलं तर उत्तम. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” दुसरा माणूस शेजारच्याच टेबलावर बसून च्युइंगम चघळत होता, त्यामुळे साहेबांना बघायला फार लांब जावं लागणार नव्हतं.

म्हणून हा कॉम्प्युटर घरी आला. त्याचं प्रकरण गाडीसारखं आहे. आतल्या मेंदूवरून पाणी फिरतं, तापतं, नळीतून रेडिएटरमध्ये येतं, तिथं तीन पंखे त्याला गार करतात आणि ते परत कामाला लागतं. निदान दुकानदारानं असं सांगितलं. प्रत्यक्षात मिलिमीटररावांनी फिल्म बनवायची आज्ञा दिली, पंखे गरगरले, खोक्यातून भट्टीसारखी धग यायला लागली आणि बरोबर अकराव्या मिनिटाला पडदा काळा. पुन्हा लावला, पुन्हा अकरा मिनिटं. तुकड्यातुकड्यानं करावं तर ते हॉस्पिटल नुसतं उघडायलाच नऊ मिनिटं लागत. उरलेल्या दोन मिनिटांत कॅमेरा जेमतेम पायऱ्यांपर्यंत पोचायचा. पेशंट दारातच गेला म्हणायचा.

इथं या घराची एक रीत सांगायला हवी. मिलिमीटररावांच्या घरात वस्तू वापरायच्या नसतात, सांभाळायच्या असतात. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. आठ वर्षांत पिशवी तीनदा बदलली, रिमोट अजून कुमार आहे. सोफ्यावर कव्हर, आणि पाहुणे यायचे असतील तर कव्हरवर कव्हर. सोफ्याचा खरा रंग कोणता, यावर नवरा-बायकोत एकमत नाही. कॉम्प्युटरचं खोकं, थर्माकोल, ‘खाऊ नये’ लिहिलेली ती पांढऱ्या दाण्यांची पुडीसुद्धा माळ्यावर ठेवलेली. रोज सकाळी सुक्या फडक्यानं कॉम्प्युटर पुसणं हे मिलिमीटररावांचं पहिलं काम. पुढची बाजू तर अशी लख्ख ठेवलेली की तिच्यात भांग पाडावा.

आधी त्यांनी सभ्य माणसासारखा तुमच्या मदतकेंद्राला फोन केला. ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे चाळीस मिनिटं ऐकल्यावर एक आवाज आला.

“सर, यंत्रात हवा खेळती आहे का?”

“ते मी कसं सांगू?”

“पंखे योग्य दिशेने आहेत का, सर?”

“योग्य म्हणजे कुठल्या?”

“सर, पान चौदा बघा.”

“पान चौदा माझ्या मांडीवरच आहे. त्यावर ‘योग्य’ एवढंच लिहिलंय.”

“मग तेच, सर.” आणि आवाजानं अकरा आकडी तक्रार क्रमांक दिला. पंधरा कामाच्या दिवसांत प्रतिनिधी येईल म्हणाला. दिवस कामाचे, बरं का. कोणाच्या, ते सांगितलं नाही.

बायको ओट्यापाशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. काचेच्या नळ्या धुणं आणि मुलांनी लावलेल्या आगी विझवणं, हे तिचं काम. ती म्हणाली, “अहो, आधी हवा आत जातेय का ते तर बघा. आम्ही शाळेत कागदाची पट्टी धरतो. ओढली गेली तर हवा जातेय.”

“अगं, हे सातवीचं विज्ञान नाही,” मिलिमीटरराव म्हणाले.

“बरं,” बायको म्हणाली आणि कणीक मळायला वळली. तिचं ‘बरं’ ज्यांना ठाऊक आहे ते अशा वेळी माफी मागून मोकळे होतात. मिलिमीटरराव त्याऐवजी मोठा कागद पसरून बसले. कॉम्प्युटरचा छेद काढला, गार हवेचे निळे बाण, तापलेल्या हवेचे लाल, आणि जिथं काय होतं ते माहीत नव्हतं तिथं हिरवे. हिरवे बाण सगळ्यांत जास्त झाले. बायकोनं जाताजाता चित्र पाहिलं. “छान आहे. हवेला दाखवलंत का?”

रविवारी मेहुणा आला. मेहुण्याचं गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचं गॅरेज आहे. ‘रेडिएटर’ हा शब्द कानावर पडताच तो हात चोळत पुढं झाला. “भावोजी, तीस वर्षं हेच केलं. पंखा ढकलणारा नको, ओढणारा पाहिजे. फिरवा तिन्ही.”

“पण कंपनीनं असे बसवलेत.”

“कंपनीला काय कळतंय? कंपनी पाच वर्षांत बंद पडते. मी पडलोय का?”

तिन्ही पंखे उलटे झाले. दोन स्क्रू आत पडले, त्यातला एक सापडला. कॉम्प्युटर आता नवव्या मिनिटाला बंद पडू लागला.

“फरक पडला ना?” मेहुणा म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

सोमवारी जिन्यात वरच्या मजल्यावरचे लिफ्ट इन्स्पेक्टर भेटले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून लिफ्टमध्ये शिरताना छताकडे बघून हुंकार देतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सातव्या पायरीवर थांबून निकाल दिला. “तापलेली वस्तू वर जाते. रेडिएटर पुढं कशाला? तो कॉम्प्युटरच्या छताला लावा.”

रेडिएटर छताला गेला. पंखे पुन्हा सुलटे झाले. आता आतून पाण्याचा गुळगुळ आवाज यायला लागला, जणू कॉम्प्युटर चूळ भरतोय. वेळ मात्र वाढला. साडेनऊ मिनिटं!

“बघा,” लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणाले, “अर्ध्या मिनिटाचा फरक म्हणजे लिफ्टमध्ये तीन मजले.”

हॉस्पिटल अजून तळमजल्यावरच होतं.

असे दिवस जात राहिले. फटींना फोमच्या पट्ट्या लागल्या. पंखे दुसऱ्यांदा उलटे झाले, मग उलट्याचे सुलटे. ऑफिसात साहेबांनी विचारलं, “कुठवर आलंय?” “आत शिरतोय, साहेब,” मिलिमीटरराव म्हणाले. शेजारच्या टेबलावरचं च्युइंगम क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी डबासुद्धा धुवायला टाकला नाही. “सव्वीस वर्षं माझी एक रेघ चुकली नाही,” ते भिंतीकडे बघून म्हणाले. “आणि आता एक पंखा ठरवणार, मी माणूस कामाचा की बिनकामाचा.” बायकोनं काहीच टोमणा मारला नाही. त्यावरून प्रसंग केवढा बाका होता हे समजावं.

शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा त्यांनी धडाका लावला. तापलेली हवा थेट घराबाहेर न्यायची! स्वयंपाकघरातल्या चिमणीला असतो तसला चुरगळणारा चंदेरी पाइप आणला, कॉम्प्युटरच्या पाठीला बसवला, खिडकीची एक काच काढून तिथं प्लायवूड लावलं, त्याला गोल भोक पाडलं, आणि पाइपचं तोंड बाहेर काढलं. भोक मोजून पाडलं होतं. अर्ध्या मिलिमीटरची फट नाही. कॉम्प्युटर साडेअकरा मिनिटं चालला आणि सोसायटीची नोटीस दोन तासांत आली.

सेक्रेटरी हा मनुष्य मूळचा वाईट नसावा, पण त्याच्या हातात रबरी शिक्का दिला गेलाय. “बाहेरच्या भिंतीवर यंत्राचा भाग दिसतोय,” तो म्हणाला. “एसीचा अर्ज भरा.”

“हा एसी नाही.”

“मग कोणता अर्ज भरणार? अर्ज एसीचाच आहे.”

“पण एसी घर गार करतो. हा घर तापवतो.”

“तसं ‘शेरा’ या रकान्यात लिहा. आणि खालच्या मजल्याची ना-हरकत लागेल. गरम हवा त्यांच्या अंगावर जाणार.”

खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मिलिमीटरराव हात जोडून त्यांच्याकडे गेले. मावशी दारातच म्हणाल्या, “अरे, तो वारा तूच सोडतोस होय? माझ्या चादरी दोन दिवस वाळत नव्हत्या, काल अर्ध्या तासात खडखडीत! दुपारी चारला सोडत जा. शनिवारी पडदे धुणार आहे.”

“मावशी, तो वारा दर वेळी साडेअकरा मिनिटंच येतो.”

“मग थोडा थोडा चारपाच वेळा सोड. कुठं पळून जायचंय तुला?”

मावशींनी ना-हरकत लिहून दिली, पण सेक्रेटरीनं ती परत केली. ना-हरकतीत ‘उलट फायदाच आहे’ असं लिहिलं होतं, आणि फायद्याला अर्जात रकाना नव्हता. बुधवारी दुपारी साडेतीनला समिती पाहणी करेल, असं ठरलं. फिल्म द्यायची होती शुक्रवारी बाराला. गणित सोपं होतं. फिल्मला सलग अडतीस तास लागणार होते आणि मिलिमीटररावांकडे एका वेळी साडेअकरा मिनिटं होती.

बुधवारी त्या दहा बाय अकराच्या खोलीत सेक्रेटरी शिक्का घेऊन आला, समितीचे सदस्य म्हणून लिफ्ट इन्स्पेक्टर आले, पाइप काढायची वेळ आली तर असावा म्हणून मेहुण्याला बोलावलं होतं, आणि पाइप काढू नये म्हणून मावशी आल्या होत्या. कॉम्प्युटर चालू होता. पंखे बोंबलत होते. मेहुणा ओढणाऱ्या पंख्याच्या बाजूनं, इन्स्पेक्टर छताच्या बाजूनं आणि मावशी चादरींच्या बाजूनं बोलत होत्या. मिलिमीटरराव कोपऱ्यात तीन रंगांचा नकाशा धरून उभे होते. तो कुणी बघत नव्हतं.

तेवढ्यात बायको शाळेतून आली. खांद्यावरची पर्ससुद्धा तिनं उतरवली नाही. “सरका,” ती म्हणाली. सगळे सरकले. तिनं वहीचं पान फाडून त्याची एक पट्टी केली आणि कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला धरली. जिथून हवा आत जायची, तिथं. आत तीन पंखे जीव खाऊन ओढत होते. पट्टी झटक्यात चिकटायला हवी होती. पट्टी ढिम्म लोंबत राहिली. ‘साहेब जेवायला गेलेत’ असं ऐकून खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस जसा दिसतो, तशी.

बायकोनं वाकून पाहिलं. त्या लख्ख, भांग पाडण्याजोग्या पृष्ठभागावर तिनं नख फिरवलं. नख कोपऱ्यात अडलं.

“हा सेलोटेप कुणी लावलाय?”

मिलिमीटरराव नकाशाची घडी घालू लागले. “ते... कोपरा सुटत होता,” ते म्हणाले.

चर्रर्र! खोलीभर आवाज झाला. कारखान्यातून जाळीवर चिकटवून आलेला, पारदर्शक, बिनसुरकुतीचा, रोज सकाळी प्रेमानं पुसलेला अखंड प्लॅस्टिकचा पापुद्रा बायकोच्या डाव्या हातात आला, आणि उजव्या हातातली कागदाची पट्टी सुटून टपकन जाळीला जाऊन चिकटली. नाकातला बोळा निघालेल्या पोरासारखा कॉम्प्युटरनं श्वास घेतला. पंख्यांची बोंब थांबून नुसती घरघर राहिली.

“तीन आठवडे त्याच्या तोंडाला पिशवी बांधून त्याला पळवत होतात,” बायको म्हणाली.

“मी म्हणतच होतो, ओढायला हवा,” मेहुणा म्हणाला.

“मीही मूळ मुद्दा हवेचाच मांडला होता,” इन्स्पेक्टर म्हणाले.

“म्हणजे पडद्यांचं काय आता?” मावशींनी विचारलं.

सेक्रेटरीनं चष्मा पुसला. “अर्ज मागे घेणार असाल, तर त्याचा वेगळा अर्ज आहे.”

मिलिमीटररावांचा चेहरा विटेसारखा झाला होता. पण ते मान खाली घालून गेले नाहीत. त्यांनी पुस्तिका उघडली आणि पान तीनवरचं अकरावं कलम खणखणीत आवाजात वाचलं. “‘मूळ आवरण, शिक्का किंवा लेबल काढल्यास हमी रद्द.’ हे मूळ आवरण आहे की नाही? सांगा! मी काढायचं कसं?”

माणूस बरोबर होता. मूर्ख ठरला होता आणि तरी बरोबर होता. अशा माणसाचं काय करावं, याला कुणाकडेच अर्ज नव्हता.

मग बारावं मिनिट आलं. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. तेरावं आलं. विसावं आलं. हॉस्पिटलचं दार उघडलं. पुढचा दीड दिवस घरात कुणी मिक्सर लावला नाही, जोरात शिंकलं नाही. शुक्रवारी पावणेबाराला फिल्म साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांनी ती दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना म्हणाले, “जिन्याच्या पायऱ्या बघा, किती एकसारख्या!” शेजारचं च्युइंगम थांबलं ते थांबलंच. “येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपासून शाळेची इमारत. याच्या दुप्पट. मशीन घरी आहे ना तुमच्या?”

“आहे,” मिलिमीटरराव म्हणाले. सव्वीस वर्षांत ते इतकं मोठ्यानं ऑफिसात बोलले नव्हते.

आणि शनिवारी सकाळी कॉम्प्युटर गेला. तीन आठवडे उकळलेल्या पाण्यानं आतला, पाणी फिरवणारा पंप खाल्ला होता. घर्र, खट्, संपलं. त्याच दिवशी तुमचे पंधरा कामाचे दिवस भरले असावेत, कारण दुपारी तुमचा प्रतिनिधी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी.

“काका, पुढचं आवरण कुठंय?”

“काढलं.”

“मग हमी गेली.”

“अहो, ते ठेवलं म्हणून तर पंप जळला!”

“ठेवून वापरलंत?” त्यानं जीभ चावली. “मग तो अयोग्य वापर झाला. कलम सतरा. त्यानंही हमी गेली.”

“म्हणजे काढलं तरी गेली आणि ठेवलं तरी गेली? मग मी करायचं काय होतं?”

त्यानं आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही घ्यायला पुढं केलं. “काका, पुस्तिकेत असेलच की.”

मिलिमीटररावांनी सही केली नाही. त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलंय. ते सभ्य आहे. त्यात सहा वेळा ‘कृपया’ आहे. बायको म्हणाली, “पाच पुरे,” पण त्यांनी ऐकलं नाही. पत्रासोबत ते मूळ आवरण जोडलंय, घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये, लांबीरुंदी मिलिमीटरमध्ये नोंदवून. जपून ठेवा, हरवलंत तर तुमची हमी रद्द. शिवाय एक कागद आहे. त्यावर शाईनं दोन चौकोन काढलेत, अगदी सारखे. एकावर लिहिलंय ‘ठेवावे’, दुसऱ्यावर ‘काढावे’. एकात खूण करायची आहे. दोन्हींत नाही, दोघांच्या मध्ये नाही, आणि ‘योग्य तिथे’ तर अजिबात नाही.

तो सोमवार येतोय. दुप्पट मोठी शाळा पडद्यावर उभी राहायची आहे, आणि एक बावन्न वर्षांचा माणूस बंद पडलेल्या खोक्यासमोर पट्टी-पेन्सिल घेऊन बसलाय. त्याला पंप हवाय. पंपाच्या आधी त्याला एक शब्द हवाय. बेचाळीस पानं लिहिणाऱ्याला एक शब्द जड जाऊ नये.

ठेवायचं होतं की काढायचं होतं? बोला.